लंकेची तळी

सोलापूर,
११ फेब्रुवारी

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "श्रीलंका कशी वाटली बे?" आणि मी "भारी" म्हणून सुटलो. तेवढ्यानं तुझं भागायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

निघताना जो तो उकाड्याची भीती घालत होता. मे महिन्यात ४४ डिग्रीत नवी पेठ फिरणाऱ्याला! पण आपलं ऊन कोरडं. कोलंबोत तीस-बत्तीसलाच शर्ट सकाळी अंगाला चिकटतो, तो रात्रीपर्यंत सुटत नाही. किनारे, गॉलचा किल्ला वगैरे रीतसर झालं, फोटो पाठवलेतच.

मी रमलो ते आत, अनुराधपूर-पोलोन्नरुवाकडच्या तळ्यांवर. त्या भागाला कोरडा पट्टा म्हणतात. पाऊस आपल्या जवळजवळ दुप्पट, तरी कोरडा! त्यांना एकदा मंगळवेढ्याला आणायला पाहिजे. पण तो पाऊस बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो, मग उन्हाळ्यात महिनोन् महिने काही नाही. म्हणून तिथल्या राजांनी पिढ्यान् पिढ्या तळीच बांधली. पोलोन्नरुवाचा पराक्रम समुद्र तर १४ किलोमीटरच्या बांधाचा. तो बांधणारा राजा पराक्रमबाहू बाराव्या शतकातला, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्याच काळातला.

खरी गंमत कलावेवाला. धातुसेन राजानं पाचव्या शतकात बांधलेलं तळं. त्यातून अनुराधपूरकडे ८७ किलोमीटरचा कालवा काढलाय, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याला किलोमीटरमागे उतार किती, तर जेमतेम १० सेंटिमीटर. लेव्हलचं यंत्र नसताना! त्या काळच्या मोठ्या तळ्यांत बांधाच्या पोटात दगडांनी बांधलेला चौकोनी हौद असायचा. तळ्याचं पाणी आधी त्यात उतरायचं, तिथं जोर मोडायचा, मग बेतानं बाहेर सोडायचे. त्यामुळे बांध धुपत नसे. आपल्याकडे पाटाला पाणी सुटलं की पहिल्याच रात्री कुठं ना कुठं फुटतो, ते आठवलं.

या धातुसेनाला त्याच्याच पोरानं, कश्यपानं, कैद केलं आणि खजिना कुठंय म्हणून छळ मांडला. जुन्या बखरीत आहे, की म्हाताऱ्यानं त्याला कलावेवावर नेलं, पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी दौलत ती एवढीच. पोरानं बापाला मारलं. मग भावाच्या भीतीनं सिगिरियाच्या कातळावर, जवळपास १८० मीटर उंचीवर, राजवाडा बांधून बसला. लोक रांगा लावून बघतात तो या पोराचा कातळ. बापाच्या तळ्यावर मी गेलो तेव्हा कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि एक बगळा. पाणी मात्र अजून शेतांना जातंय.

बेटांचं थोडक्यात. जाफनाच्या बाजूला डेल्फ्ट बेटावर बोटीनं गेलो. प्रवाळाचे दगड नुसते रचून केलेली कुंपणं आणि मोकाट घोडी, वसाहतीच्या काळातल्या घोड्यांची पिल्लावळ. सावलीला झाड शोधावं लागतं.

जेवणात नारळ सगळीकडे. खोबऱ्याच्या लालभडक चटणीत सुकी मासळी असते, वहिनींना आधीच सांगून ठेव. मी कडक भाकरी अन् शेंगाची चटणी नेली होती, ती हॉटेलच्या पोऱ्यानंच निम्मी संपवली.

पुढच्या जानेवारीत परत जायचा विचार आहे, तेव्हा तळी तुडुंब असतात. तुझ्या पासपोर्टची मुदत बघ आणि कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या