प्रश्न विचारण्याचीही एक रीत असते

महोदय,

नेत्यांनी पत्रकारांसमोर यावे, ही मागणी रास्तच. पण तेवढ्याने भागत नाही. मेक्सिकोचे डावे अध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर 2018 ते 2024 या काळात सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला पत्रकार परिषद घेत. ती दोन-दोन तास चाले, तरी अडचणीचे प्रश्न बहुधा विरून जात. बोलण्याची संधी कोणाला, हे तेच ठरवत. पुढच्या रांगेत स्तुतिपाठक यूट्यूबर असत. कोणी आकडा काढलाच, तर ठरलेले उत्तर येई : ‘माझ्याकडे वेगळी आकडेवारी आहे.’

एप्रिल 2019 मध्ये पत्रकार होर्खे रामोस यांनी खुनांबद्दल विचारताना सरकारचीच आकडेवारी पुढे केली. हाच खरा उतारा. बाहेरच्या संस्थेचा अहवाल नेला, की चर्चा त्या संस्थेच्या हेतूंकडे वळते. तक्ता कोणत्या खात्याचा, महिना कोणता, आकडा किती, एवढे दोन वाक्यांत सांगावे आणि एकच प्रश्न विचारावा. दोन जोडले, तर नेता सोपा तेवढा उचलतो. ‘का’पेक्षा ‘किती’ आणि ‘कधीपर्यंत’ टाळणे अवघड. टाळलेच, तर पुढच्या पत्रकाराने तोच प्रश्न पुन्हा विचारावा. स्पर्धेपायी हे कोणी करत नाही, आपल्याकडे तर नाहीच.

अर्थात याची किंमत असते. जून 2021 पासून त्याच पत्रकार परिषदेत दर बुधवारी बातम्यांतला ‘खोटेपणा’ दाखवणारे सदर सुरू झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये तर अध्यक्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या प्रतिनिधीचा फोन नंबर सर्वांसमोर वाचून दाखवला.

– एक वाचक, पुणे