माइमच्या गुणपत्रिकेत शरीर कुठे आहे?

माननीय संपादक,

युवा महोत्सव जवळ आले की महाविद्यालयांत मूकाभिनयाच्या, मुलांच्या भाषेत ‘माइम’च्या, तालमी सुरू होतात. सहा कलाकार, पाच मिनिटे. आंतरविद्यापीठीय नियमांत परीक्षणाचे निकष आहेत कल्पना, सादरीकरणातली सर्जनशीलता, रंगभूषा, संगीत आणि एकूण परिणाम. ज्या शरीरातून गोष्ट सांगायची, त्याचा वेगळा उल्लेखच नाही. मग तालमीचा वेळ ध्वनिमुद्रण जुळवण्यात जातो आणि रंगमंचावर दिसते ते आवाज बंद केलेले स्किट.

विहिरीतून पाणी शेंदण्याचा प्रसंग घ्या. बहुतेक मुले नुसते हात वरखाली करतात. दोर दिसायचा असेल तर मूठ गच्च आवळून चालत नाही. दोराच्या जाडीएवढी पोकळी मुठीत राहायला हवी, आणि प्रत्येक ओढीला तेवढीच. ओढ तळपायातून निघून कंबर, पाठ, खांदा अशी हातात येते. हातातूनच सुरू झाली तर पोहऱ्याला वजन उरत नाही. शिवाय पोहरा पाण्यात बुडालेला असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर निघताना जड होतो. तो फरक कमरेत दिसला की पाणी किती खोल आहे हे प्रेक्षकाला कळते. तिथे खळखळाट वाजवावा लागत नाही.

नसलेली भिंत दाखवण्याचेही तसेच. तळवा सैल येतो, टेकताक्षणी सपाट आणि ताठ होतो. त्यानंतर धड कुठेही गेले तरी तळवा जागचा हलायचा नाही. चूक होते ती कोपर आणि खांदा आखडून ठेवल्यामुळे: धडाची हालचाल त्यांनी जिरवली नाही तर ती तळव्यापर्यंत पोचते आणि भिंतच सरकते.

प्रसिद्ध फ्रेंच मूकाभिनेते मार्सेल मार्सो यांचे गुरू एतिएन दक्रू (१८९८-१९९१) यांनी धडाला पहिले स्थान दिले, चेहऱ्याला नंतरचे. त्यासाठी ते चेहरा कापडाने झाकत. आपल्याकडे नेमके उलटे चालते. भुवया आणि डोळे राबतात, पाठ गप्प. समकालीन नृत्यातही हीच उणीव दिसते. जमिनीवर पडणे, लोळणे येते, पण पडण्याआधी वजन कोणत्या पायावरून सुटले ते दिसत नाही, म्हणून पडण्याला कारणच मिळत नाही.

आयोजकांना विनंती आहे की माइमच्या १०० पैकी किमान ४० गुण वस्तूचा आकार, तिचे वजन आणि तिची जागा टिकवण्यासाठी ठेवावेत. एक परीक्षक बाजूला बसवावा. सरकलेली भिंत समोरून लपते, बाजूवरून लपत नाही. आणि तालीम घेणाऱ्यांनी पहिला आठवडा तरी संगीत बंद ठेवून, मुलांच्या चेहऱ्यावर पातळ ओढणी बांधून काम करावे. गोष्ट तेव्हाही कळली तरच रंगाचा डबा उघडावा.

– एक मूकाभिनय प्रशिक्षक, पुणे