पदवीधरांचा आमदार आधी यादीत ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेल्या आमदाराची मुदत ६ डिसेंबर २०२६ रोजी संपते. निवडणूक जवळ आली की तिकीट कोणाला आणि बंडखोरी कोण करणार, याच बातम्यांना ऊत येतो. या मतदारसंघात मुरलेले कार्यकर्ते मात्र वेगळीच चौकशी करतात : कोणत्या तालुक्यात किती नोंदणी झाली? इथला निकाल निम्म्याहून अधिक नमुना १८ च्या, म्हणजे पदवीधर मतदाराच्या नोंदणी अर्जांच्या, गठ्ठ्यांतच ठरून जातो, असे आमचे मत आहे. इतिहासही तेच सांगतो.

मराठवाड्याला वरिष्ठ सभागृह उशिराच मिळाले. मुंबईत विधान परिषद १९३७ पासून होती. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटलो आणि १९५२ मध्ये हैदराबाद राज्याची विधानसभा निवडून दिली, पण त्या राज्याला परिषदच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे इथल्या पदवीधरासाठी परिषदेचे दार उघडले. पण तेव्हा पदवीधर तरी असे किती असणार? औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० ची. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चे. त्याआधी पदवी घ्यायची म्हणजे बहुतेकांना हैदराबादचे उस्मानियाच.

पुढे जालना (१९८१), लातूर (१९८२) आणि हिंगोली (१९९९) वेगळे झाले. पाच जिल्ह्यांचे आठ झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आले आणि एकाची दोन विद्यापीठे झाली. महाविद्यालये तर तालुक्याच्या गावापलीकडेही पोचली. जागा मात्र एकाची एकच राहिली. परिषदेची सदस्यसंख्या १९६० पासून ७८ आहे. घटनेच्या कलम १७१ प्रमाणे पदवीधरांचा वाटा त्यातला बारावा हिस्सा, म्हणजे राज्यभरात सात जागा. शिक्षकांच्याही तेवढ्याच. विधानसभेचे ४६ आमदार जो प्रदेश वाटून घेतात तो पदवीधरांच्या उमेदवाराने एकट्याने फिरायचा : ७६ तालुके, आणि वैजापूरहून किनवटला जायचे तर चारशे किलोमीटरहून अधिक रस्ता. एवढ्या पसाऱ्यात सभा घेऊन मते मिळत नाहीत. तालुक्यातालुक्यात घरोघर अर्ज भरून घेणारी माणसे लागतात.

माजी खासदार जयसिंगराव गायकवाड आणि नंतर श्रीकांत जोशी यांच्या काळात ही जागा भाजपची मानली जाई. २००८ मध्ये राष्ट्रवादीचे सतीश चव्हाण यांनी जोशींचा पराभव केला. त्याहून बोलका निकाल २०१४ चा. मे महिन्यात लोकसभेला मराठवाड्यातल्या आठपैकी सहा जागा भाजप-शिवसेनेने घेतल्या, नांदेड आणि हिंगोली तेवढ्या काँग्रेसकडे राहिल्या. आणि जून महिन्यात पदवीधरची जागा चव्हाणांनीच राखली! देशभर वाहणारी लाट महिनाभरात ओसरली असे म्हणण्यात अर्थ नाही. लोकसभेची मतदार यादी वेगळी होती आणि पदवीधरची वेगळी, एवढाच त्याचा उलगडा. डिसेंबर २०२० मध्ये चव्हाणांना १,१६,६३८ आणि भाजपचे शिरीष बोराळकर यांना ५८,७४३ मते पडली. शिक्षणसंस्था, त्यांचे कर्मचारी आणि माजी विद्यार्थी यांचे जाळे ज्याच्यामागे, त्याचे अर्ज आधी भरले जातात. यात बेकायदा काही नाही. पण सामान्य पदवीधर स्वतःहून नोंदणी करत नाही तोवर प्रतिनिधी त्याचा नसतो, नोंदणी करवून घेणाऱ्याचा असतो.

शिक्षक मतदारसंघाचे चित्र थोडे निराळे. तिथे वसंतराव काळे यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव विक्रम काळे सातत्याने निवडून येत आहेत. २०२३ मध्ये मात्र पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच कोटा, म्हणजे निम्म्याहून अधिक वैध मते, गाठता आला नाही आणि पुढच्या पसंतीची मते मोजावी लागली. एक गैरसमज इथेच काढून टाकू. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना या मतदारसंघात मत नाही. घटनेने माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या संस्था वगळल्या आहेत. अर्हता तारखेपूर्वीच्या (पात्रता मोजायची तारीख, १ नोव्हेंबर) सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षे अध्यापन झालेले हवे. अर्ज नमुना १९, सोबत संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र. माध्यमिक शिक्षक पदवीधर असेल तर तो दोन्ही याद्यांत नाव घालू शकतो, त्यासाठी अर्ज मात्र दोन.

मराठवाड्यातून परिषदेवर जाणाऱ्या उरलेल्या चार जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. नांदेडची डिसेंबर २०२२ मध्ये रिकामी झाली, परभणी-हिंगोली आणि उस्मानाबाद-लातूर-बीड या जून २०२४ मध्ये, आणि औरंगाबाद-जालना ऑगस्ट २०२५ मध्ये. चारही रिकाम्या झाल्या! निवडणूक आयोगाचा दंडक असा की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत हव्यात आणि किमान ७५ टक्के सदस्य-मतदार उपलब्ध हवेत. जिल्हा परिषदा आणि पालिकांवर प्रशासक बसले की मतदारच उरत नाहीत. औरंगाबाद महापालिकेत तर एप्रिल २०२० पासूनच प्रशासक होता. म्हणजे खालच्या निवडणुका लांबल्या की वरच्या सभागृहातला आपला आवाजही आपोआप घटतो. सहापैकी दोनच जागा भरलेल्या, अशी वेळ या प्रदेशावर आली, आणि त्या दोन म्हणजे पदवीधर आणि शिक्षक.

आता यादीकडे येऊ. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. २०२० च्या यादीत नाव होते म्हणून पुढच्या यादीत ते येत नाही. विधानसभेच्या यादीतले नाव आणि खिशातले मतदार ओळखपत्र यांचाही उपयोग नाही. मतदान केंद्रावरून परत फिरणाऱ्यांत सर्वाधिक भरणा याच दोन समजुतींच्या लोकांचा असतो. मतदार नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त असतात, पण अर्ज आपल्या तहसीलमध्ये देता येतो. पात्रता अशी : मतदारसंघात सर्वसाधारण रहिवास, आणि अर्हता तारखेच्या, म्हणजे यादीचे काम सुरू झालेल्या वर्षाच्या १ नोव्हेंबरच्या, किमान तीन वर्षे आधी मिळालेली पदवी. पदवी भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाची चालते. लातूरचा मुलगा पुण्यात स्थायिक झाला असेल तर त्याने पुणे विभागात नोंदवायचे. मराठवाड्याची मते किती गळतात, याचा हिशेब इथे कोणी मांडत नाही.

तीन वर्षे मोजायची ती निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून. पदवीदान समारंभाच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. एखादा विषय एटीकेटीत राहून पुढच्या सत्रात सुटला असेल तर त्या निकालाची तारीख धरावी लागते, आणि तिथे बरेच अर्ज अडतात. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेच नसेल तर शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चालते, प्रत साक्षांकित हवी. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज सर्वात जास्त लटकतात. पदवी माहेरच्या नावावर आणि रहिवासाचा पुरावा सासरच्या, अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत जोडलेच पाहिजे. नंतर देऊ म्हणून अर्ज पुढे ढकलला की तो फेटाळलेल्यांच्या यादीत जातो.

दुसरी मेख गठ्ठ्यांची. पक्षांनी किंवा संघटनांनी एकगठ्ठा आणून दिलेले अर्ज घ्यायचे नाहीत, असा आयोगाचा नियम आहे. एकाच घरातल्या माणसांचे अर्ज त्यांच्यापैकी एकाला देता येतात आणि संस्थाप्रमुखाला आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे. कार्यकर्त्याने चौकात टेबल टाकून अर्ज भरून घेतला म्हणजे नोंदणी झाली असे धरून चालू नये. कार्यालयाची पोच हातात नसेल तर तो अर्ज कोणाच्या तरी पिशवीतच आहे असे समजावे. प्रारूप यादी लागल्यावर नाव, पत्ता आणि भाग क्रमांक स्वतः तपासावा. चूक असेल तर दावे-हरकतींची मुदत असते. अंतिम यादीनंतरही पुरवणी नोंदणी चालू राहते, पण नामनिर्देशनाची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही.

इतके सोपस्कार पार करून केंद्रावर पोचलेले पदवीधरही मतपत्रिका बाद करून येतात, हे नवलच. २०२० मध्ये अशा अवैध मतपत्रिका हजारोंनी निघाल्या. मतदान यंत्र नसते, मतपत्रिकेवर चिन्ह नसते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच उमेदवाराच्या नावासमोर १ हा अंक लिहायचा. अंक मराठी, आंतरराष्ट्रीय किंवा रोमन कोणताही चालतो, पण अक्षरी ‘एक’ चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, स्वतःचे पेन, दोघांसमोर १, एकाच नावासमोर १ आणि २ : यांपैकी काहीही केले की मत गेले. १ न लिहिता नुसते २ लिहिणाऱ्याचेही तेच होते. १, २ आणि मग थेट ४ लिहिले तर मत दुसऱ्या पसंतीपर्यंत चालते, पुढे थांबते. पुढच्या पसंती देणे ऐच्छिक आहे. कोटा म्हणजे वैध मतांचा निम्मा अधिक एक. दोन लाख वैध मते असतील तर १,००,००१. कोणीच तो गाठला नाही तर सर्वात कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. दुसरी पसंती दिल्याने पहिल्याचे मत कमी होते, हा प्रचार खोटा आहे. पहिला उमेदवार रिंगणात असेपर्यंत दुसरी पसंती कोणी बघतही नाही.

आणखी एक गंमत. पदवीधरांच्या जागेवर उभे राहायला पदवी लागत नाही. तीस वर्षे पूर्ण असावीत आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे, की झाले. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये. खर्चाला लोकसभा-विधानसभेसारखी मर्यादाही नाही.

प्रशासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. तालुकानिहाय किती अर्ज आले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, हा तक्ता प्रारूप यादीबरोबर जाहीर व्हावा. प्रारूप यादी तहसीलच्या फलकापुरती न ठेवता प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लावावी. दोन्ही विद्यापीठांनी निकालाच्या तारखेचा दाखला नोंदणीच्या काळात विनाशुल्क द्यावा. दर सहा वर्षांनी यादी शून्यापासून करण्याऐवजी जुनी कायम ठेवून तिच्यात भर घालावी, हे आयोगाच्या हातातले काम आहे, त्यासाठी इथल्या खासदार-आमदारांनी पत्र तरी द्यावे. आणि मतमोजणीनंतर आपल्या वृत्तपत्राने विजयाच्या मिरवणुकीच्या छायाचित्राशेजारी जिल्हावार अवैध मतांचा आकडा कारणांसह छापावा.

आपले,
काही पदवीधर मतदार, परभणी