सूचना : एल्फिन्स्टन कॉलेज इतिहासफेरी

सर्व माजी विद्यार्थी सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ठीक ९ वाजता काळा घोडा येथे कॉलेजच्या मुख्य दारासमोर (जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरची बाजू) जमायचे आहे. फेरी दीड तासाची असून बाहेरूनच आहे. चर्चगेटहून चालत येता येते.

आपले कॉलेज मुंबई विद्यापीठापेक्षाही जुने. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन निघाले, तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, तिच्यातून ते उभे राहिले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर इथे शिकवत. दादाभाई नौरोजी इथेच शिकले आणि इथेच गणिताचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीतले रानडे आणि भांडारकर आपलेच. बाबासाहेबांनी १९१२ साली बी.ए. केले तेही इथूनच. आज कॉलेज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे. हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते याची फार खंत वाटते, म्हणून त्यांना जरूर आणा.

• नावे शुक्रवार रात्रीपर्यंत याच ग्रुपवर कळवा.
• जुने फोटो, मासिकांचे अंक असल्यास झेरॉक्स आणा, मूळ प्रत नको.
• टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या असतील.

– कार्यवाह