बाबांच्या डायरीत नसलेली नोंद

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई हवा तेव्हा विषय बदलते, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

बाबा, आधी तुमचं. एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासण्यात, जन्म गेला, तेव्हा घरात दुधाचं ऑडिट, विजेचं ऑडिट, सगळं आम्ही सोसलं. पण दिवाळीला तुमची डायरी हाती लागली आणि त्यात ‘गणपतीत ४३, दसऱ्याला ४७’ असं वाचून मला कळेचना की कसला हिशेब. मग पुढे लाल शाईतलं प्रश्नचिन्ह दिसलं. पोटाछातीवरचे लाल तीळ मोजत होतात! हसू आलं, नंतर वाईटही वाटलं. एवढे महिने कुणाला न सांगता एकटेच आरशासमोर उभे राहत होतात.

इथल्या त्वचेच्या डॉक्टरांना मी तुमचे फोटो दाखवले. ते म्हणाले, हे तीळच नव्हेत. तिळात रंगद्रव्याच्या पेशी असतात. यात कातडीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या वाढून, फुगून त्यांचा गुच्छ होतो. आत रक्त, म्हणून लालभडक. नाव चेरी अँजिओमा. मोहरीपासून फार तर मसुराच्या दाण्याएवढे. तिशीनंतर दिसू लागतात आणि वयाबरोबर वाढत जातात, म्हणजे ४३ चे ४७ होणं हा हिशेब बरोबरच आहे. लंडनचे एक सर्जन होते, कॅम्पबेल डी मॉर्गन, १९व्या शतकातले. त्यांनाही कॅन्सरच्या रुग्णांच्या अंगावर हे ठिपके दिसले आणि तुमच्यासारखीच कॅन्सरची शंका आली. पुढे कळलं की उतारवयात ते धडधाकट माणसांनाही होतात. कॅन्सरशी संबंध नाही, आणि उष्णतेशीही नाही. गुलकंद खायचा तर चवीसाठी खा.

मात्र शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून चुना आणि सोडा लावून जे भाजून घेतलंत, ते परत नको. दोराही बांधायचा नाही. टॉवेलाने खरवडून रक्त आलंच, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे थांबायला जरा वेळ लागेल. पण तेवढ्यासाठी गोळी मनाने बंद करू नका. दिसायला नको असतील तर डॉक्टर विजेच्या सुईने किंवा लेझरने काढतात, पण हौस म्हणून. गरज नाही.

डायरीत लिहून ठेवायचंच असेल तर हे लिहा. एक-दोन दिवसांत पायांवर टाचणीच्या टोकाएवढे सपाट ठिपके उमटले आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके पडले नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत ताप किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर तासभरही थांबू नका. पावसाळ्यानंतर तुमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरोघरी डेंग्यू असतो, हे मी तुम्हाला काय सांगू. मधे टिंब आणि भोवती कोळ्याच्या पायांसारख्या रेषा, असे बरेच दिसले तर यकृत तपासायला हवं. आणि कुठलाही डाग, लाल असो की काळा, आकार किंवा रंग बदलू लागला, भराभर वाढला, तर दाखवायचा. तळपायही बघत जा. तिथले काळे डाग आपण कधी बघतच नाही.

आता आई. तू हे पान बाबांच्या हातून काढून घेशील, माहीत आहे.

तुझ्या नाकाशेजारचा तो गुलाबी चकचकीत फोड. ‘चष्मा घासतो गं’ म्हणालीस. पण गणपतीत होता, दिवाळीतही होता, आणि पावडरखाली खपली मला दिसली. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग होता, तो तू मी उठायच्या आत धुतलास. चष्म्याचा ओरखडा असता तर दोन-तीन आठवड्यांत भरला असता. खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येतं, असं महिनोन्‌महिने चाललं तर ते तपासावंच लागतं. बेसल सेल कार्सिनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर असा दिसू शकतो. तोच आहे असं मी म्हणत नाही, फोटोवरून डॉक्टरही म्हणाले नाहीत. तो फार सावकाश वाढतो, अंगात क्वचितच पसरतो, लवकर काढला तर बहुतेक वेळा छोट्या ऑपरेशनवर भागतं. रेंगाळला तर मात्र आजूबाजूचं खात जातो, आणि नाकाजवळ जागा तरी किती!

जागा बधिर करून छोटासा तुकडा तपासायला काढतील. ‘सुई लागली की भडकतं’ असं मावशी म्हणेल. तिचं ऐकू नकोस, तसं काही होत नाही.

बुधवारी सकाळी कंपूला जयारोग्य हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जा. पावडर न लावता. बाबा, तुमच्या डायरीत आईची एकही नोंद नाही. तेवढी तारीख लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू