दुरुस्तीचा विचार आधी व्हावा

महोदय,

चक्रीय अर्थव्यवस्थेची, म्हणजे वस्तू आणि त्यांतील पदार्थ टाकून न देता शक्य तितका काळ वापरात ठेवण्याची, चर्चा बहुतेक वेळा कचरा वेगळा करण्यापाशीच थांबते. खरा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, वस्तूचा आराखडा ठरतो तेव्हाच सुरू होतो. बॅटरी आत चिकटवून टाकलेला फोन ग्राहकाने कितीही जपून वापरला, तरी तो लवकर भंगारात जाणारच. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर १०पैकी दुरुस्ती-गुण दाखवणे बंधनकारक केले. सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, वस्तू किती सहज उघडते, यावर ते ठरतात. खरेदी करतानाच ही माहिती हाती असणे मला फार मोलाचे वाटते.

पुनर्वापर प्रक्रिया हवीच. भंगारातून अॅल्युमिनियम बनवताना खनिजाच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पण सगळ्याच पदार्थांचे असे नाही. प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा वितळवले की त्याचा दर्जा घसरतो, आणि मिश्र धाग्यांचे कापड वेगळे करणे तर फारच जिकिरीचे. म्हणून सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याची सक्ती उत्पादकांवर हवी. दुरुस्तीच्या कामावरचा करही कमी व्हावा.

– एक वाचक