बोटांनी पाहता येणारी भिंत

महोदय,

कामाच्या शोधात ओडिशातून लातूरला आलेल्या एका तरुण चित्रकर्तीने आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या भिंतीवर जे चित्र रंगवले, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्वारीची कणसे, बैलगाडी आणि ऊसतोडीला निघालेल्या बायका यांच्या बाह्यरेषांवर तिने सुतळी चिकटवली आहे आणि जमिनीच्या रंगात बारीक वाळू मिसळली आहे. माझा पुतण्या जन्मतः अंध आहे. बोटे फिरवत त्याने गाडीचे चाक ओळखले आणि त्याचे आरे मोजायला घेतले, तेव्हा भोवतालचे सगळे गप्प झाले. चाकाच्या खुर्चीवरूनही हात पोहोचावा म्हणून हा भाग तिने मुद्दाम खाली घेतला होता. तिचे मराठी अजून मोडके आहे, तरी काय काढावे हे तिने वस्तीतल्या बायकांनाच विचारले आणि कोयता धरण्याची ढब चुकली तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून तो हात पुसून पुन्हा काढला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले आणि सांस्कृतिक जीवनात समान सहभागाची जबाबदारी स्थानिक संस्थांवरही टाकली. तरीही आपल्याकडची बहुतेक चित्रप्रदर्शने पायऱ्या चढून गाठायच्या सभागृहांत, 'हात लावू नये' अशा पाट्यांसह भरतात. मराठवाड्यातील नगरपालिकांनी भिंती रंगवण्याची कामे देताना स्पर्शाने कळणाऱ्या चित्रांची अट घालावी आणि परप्रांतातून आलेल्या कलाकारांनाही त्यात वाव द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, लातूर